विसाव्याचा वार

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबाग, पेण, रोहे, चौल या पट्ट्यातल्या खेड्यापाड्यांतून तेलाचे घाणे चालवणारी एक जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली होती, आणि शेजारीपाजारी तिला ज्या नावाने ओळखत ते नाव तिच्या धर्मग्रंथावरून, मूळ देशावरून किंवा पेहरावावरून पडलेले नव्हते. ते पडले होते तिने न केलेल्या कामावरून. आठवड्याचे इतर दिवस घाणा फिरे. शुक्रवारी दिवस मावळायच्या सुमाराला बैलाच्या मानेवरचे जू उतरे आणि शनिवारचा सूर्य अस्ताला जाईपर्यंत ते पुन्हा चढत नसे. त्या दिवशी कोणी तेलाला आला तर त्याला दुसऱ्या दिवशी यावे लागे. म्हणून कोकणाने या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हटले, आणि शंकराचा वार पाळून सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या हिंदू तेल्यांना ‘सोमवार तेली’ म्हटले. एकाच धंद्यातल्या दोन समाजांतला भेद त्यांच्या विसाव्याच्या वारावरून सांगण्याची ही रीत मला फार अर्थपूर्ण वाटते.

माणसाची ओळख बहुधा त्याच्या उद्योगावरून ठरते. कोण काय करतो, किती मिळवतो, कोणत्या हुद्द्यावर आहे, हे कळले की तो माणूस कळला असे आपण समजतो; आणि हळूहळू तो माणूसही स्वतःविषयी तसेच समजू लागतो. अशा जगात एखाद्या समाजाने ‘आम्ही अमुक दिवशी कोणासाठीही काम करणार नाही’ ही आपली ओळख व्हावी इतक्या निष्ठेने एक दिवस राखला, तोही सुबत्तेत नव्हे, तर हातावर पोट असताना, या गोष्टीत आजच्या धावपळीने शिणलेल्या वाचकाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ईश्वराच्या सन्निध शांतपणे बसावे अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांना असते. कामे आटोपली की बसू, असेही आपण मनाशी ठरवतो. पण कामे आटोपत नाहीत. शनिवार तेल्यांच्या आचारात या अडचणीचे एक उत्तर आहे, आणि ते असे की, विसावा कामातून उरलेल्या वेळेवर सोपवायचा नसतो, तो कामाच्या आधी बाजूला काढून ठेवायचा असतो.

हे लोक म्हणजे बेने इस्रायल, महाराष्ट्राच्या मातीत मिसळून गेलेले ज्यू. त्यांच्या परंपरेत अशी कथा सांगतात की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि जवळ होते नव्हते ते सारे, धर्मग्रंथांसह, समुद्राने गिळले. या कथेचा काळ कोणता यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण त्या समाजाच्या स्मृतीत ती कथा आजही ताजी आहे. पुढच्या शतकांत ते लोक मराठी बोलू लागले. ज्या ज्या गावी राहिले त्या गावांवरून पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर अशी आडनावे त्यांनी घेतली. हिब्रू भाषा जवळजवळ विसरली गेली. तरीही काही गोष्टी उरल्या. ईश्वर एकच आहे असे घोषित करणारे ‘शेमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द उरले, मुलांची सुंता उरली, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा हा नियम उरला, आणि शनिवार उरला. पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या एका ज्यू प्रवाशाला हे लोक भेटले तेव्हा त्याने याच खुणांवरून आपल्या धर्मबांधवांना ओळखले, असे त्यांची परंपरा सांगते.

ग्रंथ नाही, पुरोहित नाही, प्रार्थनामंदिर नाही, अशा अवस्थेत शनिवार मात्र टिकला, हे नवल वाटण्याजोगे असले तरी त्याला कारण आहे. मूर्ती भंगते, पोथी बुडते, देऊळ पडते. परंतु दर सात दिवसांनी येणारा दिवस कोणाला लुबाडता येत नाही. तो पाळण्यासाठी साधनसामग्री लागत नाही, हात थांबवण्याचा निश्चय पुरेसा होतो. अब्राहम जोशुआ हेशेल या ज्यू तत्त्वचिंतकाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र विस्ताराने मांडले आहे: इतर ठिकाणी माणसाने स्थळे पवित्र मानली, ज्यू धर्माने विशेषेकरून काळाचा एक भाग पवित्र मानला. बेने इस्रायलांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांच्या पुढाकाराने १७९६ साली बांधले, आणि अलिबागच्या इस्रायल आळीतले ‘मागेन आबोथ’ १८४८ साली उभे राहिले. त्यापूर्वीची कित्येक शतके त्यांचे देवालय म्हणजे हा शनिवारच होता.

आता हा दिवस पाळतात कसा, ते पाहू. ज्यूंचा दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजला जातो. त्यामुळे शब्बाथ, म्हणजे हा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सांजावताना सुरू होतो. त्याची खरी तयारी मात्र त्याच्याही आधी चाललेली असते. घर झाडून स्वच्छ करावयाचे, न्हाणेधुणे उरकावयाचे, दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक आदल्या दिवशीच रांधून ठेवावयाचा, देणेघेणे आणि सौदे मिटवावयाचे. कारण एकदा शब्बाथ लागला की विस्तव पेटवता येत नाही, खरेदीविक्री करता येत नाही, लिहिता येत नाही, लांबचा प्रवास करता येत नाही. धर्मशास्त्राने अशा निषिद्ध कामांचे एकोणचाळीस प्रकार गणले आहेत, आणि पेरणी, नांगरणी, कापणी यांपासून विणणे, शिवणे, बांधणे, पाडणे यांपर्यंत मनुष्याच्या सगळ्या उद्यमाचा त्यांत समावेश होतो. सूर्य मावळण्यापूर्वी घरातली स्त्री दिवे लावते. मग आशीर्वादाचे शब्द उच्चारून द्राक्षारसाचा प्याला घेतात. कोकणातल्या घरांतून द्राक्षासव कोठून मिळणार, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून काढलेले सरबत त्या जागी आले, आणि ती वहिवाट अनेक बेने इस्रायल कुटुंबांनी आजवर जपली आहे. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की सुगंधी मसाल्याचा वास घेऊन आणि पीळ घातलेली मेणबत्ती पेटवून त्या दिवसाला निरोप देतात. येण्याला उंबरठा आणि जाण्यालाही उंबरठा, अशी ही रचना आहे.

निषेधांची ही यादी वाचून एखाद्याला हा दिवस जाचक वाटेल. पण तो पाळणाऱ्यांच्या लेखी हा उत्सव आहे. त्या दिवशी उपास करायचा नसतो, चांगलेचुंगले खायचे असते; शोक करायचा नसतो; कोणाच्या जिवावर बेतले असेल तर शब्बाथचा प्रत्येक नियम मोडण्याची केवळ मुभाच नाही, तर ते कर्तव्य आहे, असे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे. निषेध आहे तो सृष्टीवर आपली सत्ता चालवण्याचा. सहा दिवस माणूस माती उलटतो, धान्य दळतो, लोखंड ठोकतो, पैशाने पैसा वाढवतो. सातव्या दिवशी त्याने हे जग आहे तसे राहू द्यावयाचे, ते आपल्या हातचे नसून कोणाच्या तरी हातचे आहे हे मान्य करावयाचे, आणि ज्याच्या हातचे आहे त्याच्या सान्निध्यात, त्याच्याकडे काही न मागता, एक दिवस राहावयाचे.

शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेची दोन निरनिराळी कारणे बायबलच्या जुन्या करारात दिली आहेत, आणि त्या दोहोंचा विचार केल्याशिवाय तिचे मर्म उमगत नाही. निर्गमाच्या पुस्तकात कारण दिले आहे ते असे की, परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी तो स्वतः विसावला. ज्याला थकवा ठाऊक नाही त्यानेही थांबावे, याचा अर्थ विश्रांती ही दुर्बलाला दिलेली सवलत नव्हे. पूर्णत्वाचा तो एक भाग आहे. अनुवादाच्या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते, पण तेथे कारण बदलते: तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि परमेश्वराने तुम्हांला तेथून सोडवून आणले, याचे स्मरण ठेवा. गुलामाला स्वतःचा दिवस नसतो. त्याचा प्रत्येक प्रहर धन्याच्या मालकीचा असतो. म्हणून मुक्त माणसाने दर आठवड्याला आपल्या मुक्ततेची ग्वाही द्यावयाची, आणि आपल्या हाताखालच्यांनाही ती मुक्तता द्यावयाची. त्या आज्ञेत घरधन्याबरोबर मुलगा, मुलगी, दास, दासी, वेशीच्या आत राहणारा परका, एवढेच काय पण बैल आणि गाढवसुद्धा नावानिशी येतात.

बैलाचा हा उल्लेख कोकणातल्या तेल्याच्या दारात आणून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधलेली असते; दिवसभर चालूनही तो कोठे पोहोचत नाही; आपल्या भाषेने निरर्थक राबणुकीचे प्रतीक म्हणून त्याच जनावराची निवड केली आहे. अशा त्या मुक्या प्राण्याला आठवड्यातून एक दिवस डोळे उघडे ठेवून गोठ्यात रवंथ करीत बसण्याचा हक्क एका ईश्वरी आज्ञेने मिळवून दिला होता, आणि तो हक्क बजावून घेण्यासाठी त्याला कोणाकडे अर्ज करावा लागत नव्हता.

पण कामावाचून एक दिवस काढला तर पोटाचे काय, हा प्रश्न त्या काळच्या तेल्याला पडला नसेल असे कोण म्हणेल? त्याच निर्गमाच्या पुस्तकात मान्नाची कथा आहे. रानातून भटकणाऱ्या इस्रायली लोकांना रोज सकाळी आकाशातून आलेले अन्न मिळे, ते त्या दिवसापुरतेच वेचावयाचे असे. अधिक साठवले तर ते नासे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि ते टिके, कारण सातव्या दिवशी काहीच पडत नसे. तरीही काही जण सातव्या दिवशी वेचायला बाहेर पडलेच, आणि रिकाम्या हातांनी परतले. ही माणसे आपल्याला परकी वाटत नाहीत. आपण थांबलो तर आपले चालायचे कसे, या भयाने आजही असंख्य लोक सुटीच्या दिवशी काहीतरी वेचायला बाहेर पडतात. ईश्वराच्या सन्निध विसावणे याचा पहिला अर्थ हे भय काही तास त्याच्या स्वाधीन करणे हा आहे. मनाची प्रसन्नता, शांती वगैरे जे काही आहे ते त्याच्या मागून येते.

असा राखलेला काळ ही केवळ एका धर्माची ठेव आहे असे मात्र कोणी समजू नये. वार पाळणे हे आपल्या खेड्यांच्या रक्तातच होते. अमावास्येला औत धरायचे नाही, ही रीत शेतकरी पाळीत आले. अनेक गावांत सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नसत, कारण तो महादेवाचा वार आणि बैल हे त्याचे वाहन. देशावर श्रावण अमावास्येला पोळा येतो, सातारा-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर येतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, दुसऱ्या दिवशी न्हाऊमाखू घालून पुरणपोळीचा घास देतात आणि त्या दिवशी त्यांच्याकडून कसलेही काम घेत नाहीत. वारकऱ्याची एकादशी महिन्यातून दोनदा येते आणि त्याच्या संसाराच्या हिशेबात दोन दिवस विठ्ठलाच्या नावावर मांडून ठेवते. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती वस्त्यांतून पहाटे, मध्यान्ही आणि तिन्हीसांजेला चर्चची घंटा वाजते आणि हातातले काम ठेवून प्रार्थना म्हणण्याची तेथे जुनी चाल आहे. मालेगावात अहोरात्र खडखडणारे यंत्रमाग शुक्रवारी थांबतात. धर्म निराळे, दैवते निराळी, तिथी-वार निराळे. परंतु काळाचा काही भाग बाजारातून काढून घेऊन देवाच्या दप्तरी जमा करायचा, हा दंडक सर्वत्र एकच दिसतो.

हा दंडक मोडला तो गिरणीच्या भोंग्याने. मुंबईत कापडाच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर उभ्या राहिल्या, आणि घाटावरून, कोकणातून आलेला शेतकरी तेथे कामगार झाला. त्याच्या गावी अमावास्या होती, सोमवार होता, सुगीनंतरचा सैल काळ होता. गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस होता, आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. यंत्रे बंद ठेवलेल्या दिवशीही ती साफ करण्यात कामगाराचा बराच वेळ जाई. या परिस्थितीविरुद्ध पद्धतशीर आवाज उठवला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेले लोखंडे स्वतः काही काळ गिरणीत नोकरीला होते, त्यामुळे तेथील हालअपेष्टा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली अग्रभागी असलेली मागणी होती, दर रविवारी संपूर्ण सुटी, आणि तिच्याबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. रविवारच का, या प्रश्नाला लोखंड्यांनी दिलेले उत्तर महाराष्ट्रात अजून सांगतात: रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार आहे. साहेबाच्या चर्चचा दिवस म्हणून सुटी मागण्याऐवजी आपल्या कुलदैवताच्या नावाने ती मागावी, यात कामगाराचा स्वाभिमान होता आणि त्याच्या श्रद्धेची बूजही होती.

अर्ज करून सहा वर्षे लोटली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात तिला स्थान मिळाले; पुढच्या कारखाने अधिनियम, १९४८ मधले कलम ५२ हे त्याच मागणीचे वंशज होते. लोखंडे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेले. रविवारी सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असते? आपला विसावा कोणी तरी झगडून मिळवलेला आहे, हे कळले म्हणजे तो वाया घालवण्याचा संकोच वाटू लागतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या संतपरंपरेचा आधार घेऊन येईल. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, जनाबाईला दळता-कांडता भेटला, गोरोबाला चिखल तुडवताना भेटला. मग कामच जर पूजा असेल तर ते थांबवण्याचे कारण काय? हाच अनुभव दूरच्या पॅरिसमध्ये सतराव्या शतकात एका मठाच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्स या साध्या कार्मेलाइट बंधूला आला होता; वेदीसमोर गुडघे टेकताना आणि भांड्यांच्या गडबडीत असताना आपल्याला ईश्वर सारखाच जवळ वाटतो, अशा आशयाचे त्याचे कथन त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. कर्मात ईश्वर भेटतो, याविषयी शंका नाही. परंतु या वचनाचा आधार घेऊन माणसाला न थांबता राबवणे हा त्या संतांचा उपमर्द आहे. जनाबाईच्या ओठांवर दळताना नाम आले ते जात्यामुळे आले नाही. कीर्तनाच्या रात्रींत, एकादशीच्या जागरांत, नामदेवांच्या अंगणात मुरलेले नाम जात्यावर वर आले. ब्रदर लॉरेन्स ज्या मठात भांडी घाशी त्या मठाचा दिवस प्रार्थनेच्या ठरलेल्या प्रहरांनी बांधलेला होता. आधी स्वतंत्र काळात ज्याची ओळख झाली, तोच मग गर्दीत ओळखू येतो. ज्याच्याशी कधी निवांत बसणे झाले नाही, तो कामाच्या रगाड्यात समोर उभा राहिला तरी आपल्या ध्यानात येणार नाही.

वारीची रचनाही हेच शिकवते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त घालून दिली. लाखो माणसे पंढरीकडे चालत असताना, आणि तेथे आषाढी एकादशीच्या आत पोहोचायचेच असा नेम असताना, त्या वाटचालीत न्याहारी, दुपारचा विसावा, मुक्काम हे सारे ठिकाणांसह ठरलेले आहे. पोहोचण्याची निकड आणि थांबण्याची शिस्त यांत विरोध आहे असे त्या रचनेला वाटलेले नाही.

आज आपली अवस्था काय आहे? सुटी आहे, कायद्याने दिलेली आहे, कित्येकांना आठवड्यातून दोन दिवस आहे. परंतु कामाला आता गिरणीची भिंत राहिली नाही. ते मोबाइलमधून जेवणाच्या ताटापर्यंत आणि उशीपर्यंत येते, आणि कामाचे काही नसले तरी तो मोबाइल हातात राहतोच. रविवार हा साठलेली कामे उरकण्याचा, बाजारहाट करण्याचा, मुलांना शिकवण्यांना पोहोचवण्याचा दिवस झाला आहे. घरातल्या स्त्रीचा रविवार तर बहुतेक घरांत इतर दिवसांपेक्षा जड असतो, कारण सगळी माणसे घरी असतात आणि सर्वांना काहीतरी विशेष खायला हवे असते. ज्यांच्या जोरावर आपण घरी बसून आराम करतो, त्या स्वयंपाकाच्या मावशी, धुणेभांडी करणाऱ्या ताई, पावसात दुचाकीवरून घरपोच जेवण आणणारा तरुण, रखवालीवर बसलेले काका, यांच्यातील किती जणांच्या वाट्याला पगार न कापता मिळणारा एक पूर्ण दिवस येतो? जी विश्रांती दुसऱ्याची विश्रांती हिरावून उभी राहते ती ईश्वराच्या सन्निध नेणारी नव्हे; दास-दासींची आणि बैलाची आठवण करून देणाऱ्या त्या प्राचीन आज्ञेचा हाच खरा कटाक्ष आहे.

मग सामान्य गृहस्थाने काय करावे? सर्वांना शब्बाथ पाळता येणार नाही आणि सर्वांनी पाळावा असेही नाही. परंतु शनिवार तेल्यांच्या आचारातून चार गोष्टी कोणत्याही श्रद्धेच्या माणसाला उचलता येतात. पहिली अशी की, वेळ आधी ठरवावा. आठवड्यातली एक संध्याकाळ, निदान दोन-तीन तास, घरातल्या सर्वांच्या संमतीने राखून ठेवावेत आणि ते आजच्या उत्साहावर किंवा थकव्यावर अवलंबून ठेवू नयेत. दुसरी, त्याची तयारी करावी: स्वयंपाक आधी, किंवा त्या दिवशी साधा पिठलं-भात, फोन करायचे ते आधी, उद्याची कामे कागदावर लिहून बाजूला. तयारीवाचून केलेला विसावा एका माणसाच्या, बहुधा आईच्या, श्रमावर पार पडतो. तिसरी, आरंभाला आणि शेवटाला खूण ठेवावी. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे एवढी खूण पुरेशी आहे. चौथी, त्या वेळेत उपयोगाचे असे काही करू नये. नामस्मरण करावे, एखादा ग्रंथ सावकाश वाचावा, मुलांशी किंवा म्हाताऱ्या माणसांशी बोलावे, काहीच न करता स्वस्थ बसावे. पण जपाची संख्या पुरी करण्याची, पारायण संपवण्याची, ‘ध्यान चांगले झाले’ की नाही हे तपासण्याची घाई तेथे आणू नये, कारण तसे केले की कामाचाच जमाखर्च देवघरात शिरतो.

आरंभी मन रमणार नाही, हे सांगून ठेवणे आवश्यक आहे. बसल्याबरोबर न पाठवलेली पत्रे आठवतील, हप्त्याची तारीख आठवेल, कोणाचा तरी टोचणारा शब्द आठवेल. हात नकळत मोबाइल शोधेल. आपण वेळ फुकट घालवत आहोत असा अपराधी भावही मनात येईल. ही अस्वस्थता साधना बिघडल्याची खूण नव्हे. इतके दिवस आवाजाखाली दडलेली मनाची स्थिती आता ऐकू येऊ लागली, एवढाच तिचा अर्थ. तिला दडपण्याचा यत्न करू नये. जे आठवेल ते तसेच ईश्वरापुढे ठेवावे आणि बसून राहावे. चित्ताची एकाग्रता त्याला हवी असेलही. पण आपण ज्या अवस्थेत आहोत त्या अवस्थेत आलो, हे त्याला आधी पुरते, असा सर्व धर्मांतल्या भक्तांचा भरवसा आहे.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांची मराठी अजून ऐकू येते. जेथे सारा देशच शनिवारी थांबतो तेथे शनिवार पाळणे सोपे आहे. ते कठीण होते ते कोकणात, जेथे भोवतालचा बाजार चालू होता, जेथे शेजारचा घाणा त्या दिवशीही फिरत होता, आणि तरीही मूठभर तेल्यांनी आपला घाणा थांबवला. आपली परिस्थिती त्यांच्यासारखीच आहे. भोवतालचे जग आपल्यासाठी थांबणार नाही आणि त्याने थांबावे याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात असे मी वाचकांना मनापासून सुचवतो. आपल्या घरी राबणाऱ्या माणसाला आठवड्यातला एक दिवस पगारी सुटी म्हणून द्यावा, आणि तो त्याचा हक्क म्हणून, आपला उपकार म्हणून नव्हे. मग आपल्यासाठी एक संध्याकाळ राखावी. हा क्रम उलटा करू नये. दुसऱ्याला मोकळे केल्यावर आपण जेथे बसतो, तेथे ईश्वराचे सान्निध्य शोधावे लागत नाही.